स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बधिर आणि हुळहुळी झालेली त्वचा कशी सांभाळायची

भाच्याच्या लग्नात मी पैठणी नेसले होते. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले होते. डावी बाजू सपाट दिसू नये म्हणून पदर चांगला पसरून घेतला आणि खांद्यावरच्या पिनेखेरीज छातीपाशी आतून आणखी एक सेफ्टी पिन लावली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, व्याह्यांशी गप्पा झाल्या. रात्री ब्लाउज काढला तेव्हा अस्तरावर हरभऱ्याएवढा रक्ताचा डाग दिसला. पिनेचं टोक निसटून कातडीत रुतलं होतं आणि सहा-सात तास मला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच छातीवर, तिथून चार बोटांवर, बरगडीच्या कडेला मात्र मऊ ओढणी घासली तरी मी कळवळत होते.

एका जागी काहीच कळत नाही आणि शेजारच्या जागी नको तितकं कळतं. हे दोन्ही त्रास एकाच जखमेचे, पण त्यांना सांभाळायच्या रीती अगदी उलट. बधिर जागा डोळ्यांनी राखायची, कारण तिला स्वतःची राखण करता येत नाही. हुळहुळ्या जागेला मात्र झाकून ठेवायचं नाही, स्पर्शाची सवय लावायची. आम्ही बहुतेक जणी नेमकं उलट करतो. बधिर जागेकडे पाहतसुद्धा नाही आणि हुळहुळ्या जागेला हात लावू देत नाही.

मी साताऱ्यात सव्वीस वर्षं ब्लाउज शिवते. कॅन्सरमुळे माझा डावा स्तन आणि काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढल्या त्याला आता चार वर्षं होतील. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे टाके, जखमेतलं पाणी काढणारी नळी, आहार, हाताचे व्यायाम सगळं नीट समजावलं, पण ‘इथलं कळायचं बंद होईल’ एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. पहिले दोन महिने मी रात्री काखेला हात लावून पाहायची आणि घाबरून बसायची. तसं कुणाचं होऊ नये म्हणून मला पुढे जे शिकायला मिळालं ते सविस्तर लिहिते आहे. तुमच्या सर्जनचा आणि फिजिओथेरपिस्टचा शब्द मात्र माझ्या शब्दाच्या वर.

हे होतं कशामुळे

छातीच्या कातडीला स्पर्श कळवणाऱ्या बारीक नसा बरगड्यांच्या मधून बाहेर येतात. स्तनाकडे येतात त्या मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या पट्ट्यातल्या, आणि स्तनाग्राला प्रामुख्याने चौथी नस पुरवठा करते. स्तन काढताना कातडी खालच्या थरापासून सोडवावी लागते, तेव्हा या नसांच्या फांद्या तुटतात. दुसऱ्या बरगडीखालून निघणारी एक नस काखेतल्या चरबीतून, गाठींच्या मधूनच दंडाच्या आतल्या बाजूला जाते. तिचं नाव इंटरकोस्टोब्रेकियल नर्व्ह. काखेतल्या गाठी काढताना ती ताणली जाते, कधी कापावीच लागते. शस्त्रक्रिया छातीची असून दंडाची आतली बाजू लाकडासारखी का लागते, याचं उत्तर हे आहे. ज्यांच्या फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासायला काढतात, म्हणजे सेंटिनल नोड बायोप्सी होते, त्यांना हा त्रास कमी होतो. स्तनातली नुसती गाठ काढून स्तन राखला असेल, किंवा पोटाच्या-पाठीच्या मांसाने वा इम्प्लांटने नवा स्तन घडवला असेल, तरी बधिरपणा असू शकतो. घडवलेल्या स्तनाला आकार येतो, स्पर्श येतोच असं नाही.

आमच्या धंद्यातला दाखला द्यायचा तर ताणलेला धागा हळूहळू जागेवर येतो, कापलेला येत नाही. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे माझ्या टेपवर महिन्याला इंचाहून जरासं जास्त. म्हणून पंधरा दिवसांत फरक शोधू नका. सुधारणा होते ती बहुधा महिन्यांच्या हिशोबाने, वर्ष-दोन वर्षांपर्यंत. कडेने जाण येत जाते, मधला एखादा तुकडा कायमचा बधिर राहतो. माझा काखेखालचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे आणि तो तसाच राहील, हे मी धरून चालले आहे.

मधल्या काळात मुंग्या येतात, करंट लागल्यासारखी चमक निघते, अचानक चुरचुरतं. बऱ्याचदा ही नस जागी होत असल्याची खूण असते. चमक आली की दचकून हात आखडून बसू नका. खांदा तेवढ्यानेच धरतो.

पहिलं काम : नकाशा काढा

जखम पूर्ण भरली, खपल्या पडल्या, नळीचं छिद्र बुजलं की हे करा. आरशासमोर बसा. कापसाचा बोळा आणि काजळाची पेन्सिल घ्या. जिथे स्पर्श नीट कळतो अशा चांगल्या कातडीवरून, म्हणजे गळ्याच्या हाडाकडून खाली, बोळा हलकेच सरकवत या. जिथे स्पर्श बदलतो तिथे टिंब द्या. मग पोटाकडून वर, पाठीकडून पुढे, कोपराकडून काखेकडे असंच करा. टिंबं जोडली की बधिर भागाची हद्द दिसते. हुळहुळ्या जागेवर फुली मारा. दंडामागचं आपल्याला दिसत नाही, तिथे दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. माझ्या जाऊबाईंनी केलं. मी डोळे मिटायची आणि त्या विचारायच्या, “आता लागलं का गं?” तीनदा ‘नाही’ म्हटल्यावर त्यांचाच आवाज कापरा झाला. पण त्या दिवसापासून घरात सगळ्यांना कळलं की मला नक्की कुठे काय होतंय.

हा नकाशा वहीत तारीख घालून उतरवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा काढा. सुईने किंवा पिनेने टोचून तपासू नका. डॉक्टरांना दाखवायला, नवऱ्याला सांगायला, व्यायाम कुठून सुरू करायचा हे ठरवायला हाच कागद उपयोगी पडतो.

बधिर जागेची राखण

आपली कातडी दिवसभरात कितीदा ‘सांभाळ’ म्हणून सांगत असते, हे ती गप्प झाल्यावर कळतं. सगळ्यात मोठा धोका उष्णतेचा.

आपल्याकडे दुखलं-धरलं की पहिला सल्ला शेकाचा. मिठाची पुरचुंडी, वाळूची पोटली, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं. माणसं मायेने सांगतात, पण बधिर कातडीवर शेक घेऊ नका. भाजतंय हे सांगणारी नसच तिथे नाही, फोड येईपर्यंत काही कळत नाही. आमच्या ओळखीतल्या एकीला गरम पाण्याच्या पिशवीने काखेखाली फोड आला आणि ती जखम भरायला दीड महिना गेला. बर्फाचंही तेच. झोंबणारे बाम आणि घरगुती लेप लावायचे नाहीत, आणि बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्याने चांगली कातडी उतते, बधिर कातडीचं काय होईल?

अंघोळीचं पाणी चांगल्या हाताच्या मनगटावर घेऊन पाहा, मगच छातीवर ओता. स्वयंपाकघरात ओट्यावरून पलीकडचं काही घेताना दंडाची आतली बाजू कढईच्या कडेला टेकते, कुकरची वाफ थेट काखेकडे येते. त्या बाजूचा हात शेगडीवरून न्यायचाच नाही, वळसा घालून उभं राहायचं अशी सवय लावा. फोडणी देताना बाही कोपरापर्यंत असू द्या. इस्त्री करताना मी अजूनही जुनं जाड पोलकं अंगावर चढवते. उन्हात जाताना छातीचा वरचा भाग झाकलेला असावा.

दुसरा धोका घामाचा. चैत्र-वैशाखात काखेत आणि छातीच्या घडीत घाम साचून कातडी लाल होते, नायट्यासारखं उठतं. इतर वेळी खाज सुटून आपण लगेच पाहिलं असतं, इथे खाजच कळत नाही. अंघोळीनंतर मऊ फडक्याने टिपून, वाऱ्यावर नीट कोरडं होऊ द्या, मगच कपडे घाला. काखेतले केस काढायचे असतील तर ब्लेड नको, विजेवरचा ट्रिमर आणि समोर आरसा. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला साधा ओरखडाही चिघळू शकतो आणि हाताला सूज येण्याचं ते एक निमित्त होऊ शकतं.

रोज रात्री कपडे बदलताना आरशात दोन मिनिटं पाहायचं. लाल चट्टा, वळ, फोड, ओरखडा काही आहे का? ब्राचा किंवा ब्रामध्ये ठेवायच्या कृत्रिम स्तनाचा वळ थोड्या वेळात गेला नाही तर ते माप तुमचं नाही. आरशात पाहणं पहिल्या दिवसांत फार जड जातं, मलाही गेलं. आधी फक्त काख पाहायची, पुढच्या आठवड्यात थोडं खाली. चालतं.

फिजिओच्या मॅडमनी आणखी एक शिकवलं. बधिर जागेवर बोट फिरवताना तिकडे बघायचं. मग डोळे मिटून फिरवायचं, आणि मग दुसऱ्या बाजूच्या त्याच जागी फिरवून तो स्पर्श मनात धरायचा. रोज पाच मिनिटं. तुटलेली नस याने जुळत नाही, पण जी थोडीफार जाण येत असते ती मेंदूला ओळखू येऊ लागते.

हुळहुळी जागा : कापडांची शाळा

नुसता पंख्याचा वारा लागला तरी कातडी आग-आग करते, कपडा टोचतो, अंघोळीच्या पाण्याची धार सोसत नाही. यात जागा बिघडलेली नसते, नस साध्या स्पर्शालाही दुखणं समजत असते. तिला पुन्हा पुन्हा, थोडा थोडा, निरुपद्रवी स्पर्श देऊन समजवायचं असतं. झाकून ठेवलं तर ती आणखी बिथरते. हा व्यायाम जखम पूर्ण भरल्यावरच, सर्जनची परवानगी घेऊन सुरू करायचा.

माझ्या शिलाईच्या खोलीत चिंध्यांची कमी नव्हती. मी तळहाताएवढे तुकडे कापून एका डब्यात क्रमाने रचून ठेवले :

१. कापूस, नाहीतर जुन्या रेशमी साडीचा तुकडा
२. खूप धुतलेली मलमल
३. टू बाय टू रुबिया
४. मांजरपाट किंवा हातमागाची खादी
५. टर्किश टॉवेल

सुरुवात पहिल्या तुकड्याने. आधी चांगल्या कातडीवर फिरवा, मग फुलीच्या कडेपर्यंत या, मग थोडं आत. नेहमी बाहेरून आत. एका दिशेने हलकेच, मग गोल, मग बोटांनी टपटप. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. व्यायाम सोसवेल इतपतच झोंबला पाहिजे आणि थांबल्यावर थोड्या वेळात शमला पाहिजे. रात्रभर ठणकत राहिलं तर तुकडा चुकला, मागच्यावर या. एक कापड निमूट सोसवू लागलं की पुढचं घ्यायचं. मला मलमलवरून रुबियावर जायला तीन आठवडे लागले आणि टॉवेलपर्यंत पोहोचायला दिवाळी उजाडली. त्या वर्षी अभ्यंगस्नानाला मी उटणं लावलं, तो खरखरीत स्पर्श छातीवर सोसवला आणि मी न्हाणीघरातच रडले.

हे करताना श्वास रोखू नका. दुखेल म्हणून आपण खांदा कानाकडे ओढतो, तो मुद्दाम खाली सोडा. ज्या दिवशी झोप नाही, धावपळ आहे, त्या दिवशी कातडी जास्त हुळहुळते. तेव्हा एक तुकडा मागे गेलात तरी काही बिघडत नाही.

व्रणाची मालीश याच्या जोडीने करायची, तीही परवानगीनेच. साधारणतः शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी ती मिळते. बोटाला थेंबभर खोबरेल लावा. दोन बोटं व्रणावर टेकवून कातडीवरून घसरवायची नाहीत, कातडीच खालच्या थरावर सरकवायची. वर-खाली, डावी-उजवीकडे, मग लहान गोल. पाच मिनिटं, दोनदा. व्रण खाली चिकटून राहिला की हात वर करताना तो ओढतो आणि ते ओढणं नसेला टोचतं. हात भिंतीवर बोटांनी चढवण्याचा व्यायाम म्हणूनच सोडू नका. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा मारल्या होत्या, अजून आहेत. काखेतून कोपराकडे दोरी ताणल्यासारखी दिसली आणि हात सरळ होईना, तर स्वतः ओढून तोडायला जाऊ नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

रेडिएशन चालू असेल तर कातडीवरचं हे सगळं थांबवा. तेल, मालीश, चिंध्या, पावडर, अत्तर काही नको. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडा आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम, बस. कातडी लाल पडणं, काळवंडणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं आणि उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढत राहतं. ते पूर्ण निवलं की पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात.

नसलेल्या जागी खाज

स्तन काढलेला असतो आणि तरी स्तनाग्राला खाज सुटते, तिथे जडपणा जाणवतो. मी हे चार महिने कुणाला सांगितलं नाही, लोक काय म्हणतील या भीतीने. वेड नाही हे. मेंदूत आपल्या शरीराचा नकाशा असतो आणि तो छातीवरच्या बदलाइतका पटकन बदलत नाही. अशा वेळी बधिर कातडी नखांनी खाजवू नका, रक्त येईल आणि खाज जाणार नाही. तळहात सपाट ठेवून हलका दाब द्या, पाठीच्या त्याच पट्ट्यात कुणाला तरी चोळायला सांगा, आरशात त्या जागेकडे पाहत हात फिरवा.

घरच्यांना सांगून ठेवा. नातवंडं धावत येऊन बिलगतात, त्यांना चांगल्या बाजूला घ्या. नवऱ्याला नकाशा दाखवून बोट ठेवून सांगा : इथे मला कळत नाही, इथे दुखतं, इथे चालेल. तो बिचारा दुखवेल म्हणून दूर राहतो आणि आपल्याला वाटतं त्याला नको झालं.

औषधं आणि डॉक्टर

आग, चमका, कपड्याचं टोचणं तीन महिन्यांनंतरही टिकून असेल तर ‘शस्त्रक्रिया झाली, दुखणारच’ असं म्हणून गप्प बसू नका. नसेच्या दुखण्याला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं आहेत, लावायची लिडोकेनची पट्टी असते. ती डॉक्टरच ठरवतील. मात्र टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परतू नये म्हणून देतात ती गोळी, चालू असेल तर ते आवर्जून सांगा. नैराश्यावरची आणि नसेच्या दुखण्यावरची काही औषधं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात.

केमोथेरपीत पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसेटॅक्सेल मिळालं असेल आणि दोन्ही हातापायांची बोटं बधिर होत असतील, तर तो वेगळा प्रकार आहे. तो शस्त्रक्रियेचा म्हणून सोडून देऊ नका, केमोच्या डॉक्टरांना सांगा.

छाती किंवा हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हाताला सूज, व्रणावर नवी गाठ किंवा पुरळ, हळूहळू वाढत जाणारं दुखणं, पंजाची पकड सैल पडणं, खांद्याचं पातं मागे उचलून येणं, यातलं काहीही पुढच्या तपासणीपर्यंत थांबवू नका. आणि एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पाणीदार फोड आले तर ती नागीण असू शकते. केमोने शक्ती कमी झालेली असताना ती सहज उठते. तिच्यावर गेरू किंवा लेप लावून घेण्यात दिवस घालवू नका. औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा चांगला उपयोग होतो.

ब्लाउज आणि ब्रा

हे माझं काम, म्हणून जरा जास्त सांगते. नेहमीचा ब्लाउज नेमका चुकीच्या जागी टोचतो. मुंढ्याची शिलाई काखेत, कडेची शिलाई बरगडीवर, म्हणजे जिथे एक जागा बधिर आणि दुसरी हुळहुळी असते तिथेच. शिंपिणीला पुढच्या गोष्टी सांगा. मुंढा अर्धा इंच खाली आणि सैल. कडेची माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, आत न ठेवता बाहेरच्या बाजूला दुमडून वर अस्तर. ओव्हरलॉकचा दोरा कातडीला लागता कामा नये, तो फार खरखरीत असतो. अस्तर धुतलेल्या मलमलचं. हूक पुढे. बाही दंडावर रुतणारी नको, दोन बोटं सहज आत जावीत. पहिले काही महिने कपड्याखाली नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना सुती बनियन उलटा करून घाला, म्हणजे शिलाई बाहेर राहते.

ब्रा तार नसलेली, रुंद पट्ट्याची, पुढून उघडणारी. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वजनदार असतो आणि त्याखाली घाम येतो. कातडी निवेपर्यंत सुती धाग्याचा विणलेला, आत हलका कापूस भरलेला बरा. पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर. गाडीत सीट बेल्टखाली घडी घातलेली ओढणी. मंगळसूत्राचे मणी व्रणावर घासत असतील तर सर आखूड करून घ्या.

आणि पिन. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला छातीपाशी पिन लावूच नका, खांद्यावर एकच पुरते. पदर तरी सरकतोच, म्हणून मी माझ्या सगळ्या ब्लाउजना डाव्या बाजूला आतून तीन इंच लांब, दोन इंच रुंद अशी दुहेरी पट्टी लावली आहे, मध्ये जुन्या गोधडीचा थर घालून. पदराला आतून एक प्रेस बटण आणि त्याचा जोड त्या पट्टीवर. पदर जागेवर बसतो आणि टोचायला काही उरत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, कुठलीही शिंपीण करून देईल.